वाळवंटी सरडा आणि खिडकीतले ऊन

गेल्या वर्षी उन्हाळ्याची सुटी संपल्यावर सातवीतला एक विद्यार्थी बुटाच्या खोक्यात सरडा घेऊन प्रयोगशाळेत आला. आपला बागेतला सरडा नव्हे. ऑस्ट्रेलियाच्या रखरखीत भागातला, गळ्याखालची काटेरी दाढी फुगवणारा ‘बिअर्डेड ड्रॅगन’. वाढदिवसाला मामांनी दिलेला. ‘‘बाई, याला काय काय लागतं?’’ मला पाठ्यपुस्तकापलीकडे फारसे ठाऊक नव्हते, तरी मी सांगून टाकले की काचेची पेटी खिडकीपाशी ठेव, ऊन मिळाले की झाले. तीन महिन्यांनी तो परत आला तेव्हा सरड्याला पोट उचलून चालता येत नव्हते आणि खालचा जबडा मऊ पडला होता. पशुवैद्यांनी सांगितले, हाडे ठिसूळ झाली आहेत.

चूक माझी होती, म्हणून हा लेख.

उन्हातल्या अतिनील किरणांपैकी ‘यूव्ही-बी’ किरण कातडीवर पडले की सरड्याच्या शरीरात ड-३ जीवनसत्त्व तयार होते. ते नसेल तर खाल्लेले कॅल्शियम अंगी लागत नाही आणि शरीर ते हाडांतून काढून घेऊ लागते. खिडकीची काच प्रकाश आणि ऊब आत येऊ देते, यूव्ही-बी मात्र जवळजवळ सगळे अडवते. सरडा उन्हात बसलेला दिसतो आणि उपाशीच राहतो! म्हणून पेटीत यूव्ही-बीची खास नळी हवी, रोज सुमारे बारा तास. साधारण वर्षभरात तिचे यूव्ही-बी कमी होते. उजेड पडतच असतो, त्यामुळे आपण फसतो. बदललेल्या तारखेची चिठ्ठी पेटीवर चिकटवावी.

पूर्ण वाढलेला सरडा शेपटीसह दीड-दोन फूट भरतो. त्याला चार फूट लांब, दोन फूट रुंद, दोन फूट उंच जागा लागते, एकट्याला. दोन नर एकत्र ठेवले तर एकमेकांची बोटे तोडतात.

सरडा स्वतःची ऊब स्वतः तयार करत नाही; ऊन-सावलीत ये-जा करून तो अंगाचे तापमान राखतो. म्हणून पेटीच्या एका टोकाला बल्बखाली ३८ ते ४२ अंश आणि दुसऱ्या टोकाला २५ ते २८ अंश सेल्सिअस हवे. दोन्ही टोकांना तापमापक लावावा, हाताच्या अंदाजावर जाऊ नये. बल्बखाली शहाबादी फरशीचा तुकडा ठेवावा. ती छान तापते आणि नखेही घासली जातात. वाळू नको, पिल्लांच्या पोटात जाऊन आतडे तुंबते. वर्तमानपत्र चालते.

परदेशी पुस्तकांत नसलेली एक अडचण आपल्याकडे आहे. मे महिन्यात काचीगुड्यातल्या वरच्या मजल्यावरची खोलीच चाळिशीला टेकते. मग पेटीत थंड टोक उरतच नाही. तेव्हा उष्णतेचा बल्ब बंद, नळी चालू, आणि पेटी घरातल्या सर्वांत गार खोलीत. गच्चीवर खरे ऊन द्यायचे तर सकाळी नऊ-दहाला, जाळीच्या पिंजऱ्यात, अर्ध्यावर सावली करून, समोर बसून. काचेची पेटी उन्हात ठेवली तर तिची भट्टी होते. शिवाय घारी आणि मांजरे आहेतच.

पिल्लांना मुख्यतः रातकिडे, त्यांवर कॅल्शियमची पूड भुरभुरून. मोठ्यांना पाला अधिक: शेवग्याचा पाला, जास्वंदीची फुले, भोपळ्याचा कीस. पालक आणि आपली लाडकी अंबाडी नको. त्यांतले ऑक्झॅलेट कॅल्शियम अडकवून ठेवते. फवारणी झालेल्या घरातले झुरळ देऊ नये, काजवा तर कधीच नाही. एक काजवाही जीव घेऊ शकतो. हाताळल्यावर साबणाने हात धुवावेत, कारण सरड्यांच्या अंगावर साल्मोनेला जिवाणू असू शकतात.

पालकांसाठी थोडे कायद्याचे. राजस्थान-कच्छमधला सांडा आणि आपली घोरपड १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली संरक्षित आहेत. कोणी विकत असेल तरी घेणे हा गुन्हा आहे. कायद्याच्या चौथ्या अनुसूचीतल्या परदेशी प्राण्यांची नोंद २०२४ च्या नियमांनुसार ‘परिवेश’ पोर्टलवर करावी लागते. जातीचे नाव आधी तपासा, आणि सरड्यांवर उपचार करणारे पशुवैद्यही आधी शोधा. हा प्राणी दहा वर्षे जगू शकतो, म्हणजे आजचा सातवीतला मुलगा नोकरीला लागेपर्यंत.

आमच्या सरड्याचा जबडा थोडा वाकडाच राहिला, पण नळी आणि औषधानंतर तो फरशीवर चढून बसतो. दिवाळीत त्या मुलाचे कुटुंब चार दिवस नांदेडला जाणार आहे. सरडा सांभाळायला एक घर मिळाले आहे. तिथल्या आजींची एकच अट आहे, रातकिड्यांचा डबा देवघराच्या भिंतीला नको.