नवा फ्लाइट सिम्युलेटर घ्यावा का?

संगणकावर विमान उडविण्याचा छंद अनेक विद्यार्थ्यांना असतो. नवी आवृत्ती बाजारात आली की ती हवीशी वाटते आणि मग शाळेकडे किंवा पालकांकडे मागणी होते. हा खर्च केवळ आज्ञावलीचा नसतो. तिच्यासाठी बहुधा नवा संगणकही घ्यावा लागतो. तेव्हा आवृत्ती बदलली म्हणजे नेमके काय बदलते, हे आधी पाहिले पाहिजे.

फ्लाइट सिम्युलेटर म्हणजे वस्तुतः दोन आज्ञावल्यांची जोडी. एक गणित करते, दुसरी चित्र काढते. गणित करणारा भाग सेकंदाला अनेकदा एकच काम करतो. विमानाचा वेग, पंखांचा हवेशी असलेला कोन आणि हवेची घनता यांवरून बले काढायची, न्यूटनच्या दुसऱ्या नियमाने त्वरण काढायचे आणि पुढच्या क्षणी विमान कोठे असेल ते ठरवायचे. इलिनॉय विद्यापीठात १९७५ साली या विषयावर प्रबंध लिहिणाऱ्या ब्रूस आर्टविक यांनी पुढे ॲपल-२ या छोट्या संगणकासाठी सिम्युलेटर तयार केला. त्यात जमीन म्हणजे पडद्यावरच्या काही रेषा होत्या, पण गणिताची रीत हीच होती. मायक्रोसॉफ्टची पहिली आवृत्ती त्याच कामातून १९८२ साली निघाली.

ही रीत जुन्या आवृत्तीतही किती चांगली चालते याची परीक्षा वर्गात घेता येते. पंखांवरचे उत्थापक बल हवेची घनता आणि वेगाचा वर्ग यांच्या गुणाकाराच्या प्रमाणात असते. समजा, सरळ उडताना एखादे विमान ५० नॉटला ‘स्टॉल’ होते, म्हणजे त्याखाली पंख त्याचे वजन पेलू शकत नाहीत. आता ते ६० अंश कलवून, उंची न गमावता वळवा. या स्थितीत पंखांना वजनाच्या दुप्पट बल द्यावे लागते, म्हणून स्टॉलचा वेग २ च्या वर्गमुळाइतका, १.४१ पट वाढून सुमारे ७० नॉट होतो. मायक्रोसॉफ्टच्या २००६ सालच्या ‘फ्लाइट सिम्युलेटर-एक्स’ या आवृत्तीतही हा आकडा जवळपास मिळायला हवा.

दुसरा प्रयोग मुंबई आणि लेह या विमानतळांचा. लेहचा विमानतळ समुद्रसपाटीपासून सुमारे ३,२५० मीटर उंचावर आहे. प्रमाण वातावरण धरले तर तेथे हवेची घनता समुद्रसपाटीच्या सुमारे ७२ टक्के असते. उड्डाणासाठी प्रत्यक्ष वेग सुमारे १८ टक्के अधिक लागतो आणि एंजिनही दुबळे झालेले असते, त्यामुळे धावपट्टी कितीतरी अधिक लागते. गंमत अशी की वेगमापकाचा काटा मात्र दोन्ही ठिकाणी जवळजवळ त्याच आकड्यावर विमान उचलतो, कारण तो यंत्रही घनता आणि वेगाचा वर्ग यांच्या गुणाकारावरच चालतो. वर्गात हा मुद्दा निघाला की पुढचा तास सहज भरून जातो.

मग नव्यात नवे काय? गणितात एक फरक खरा आहे. २००६ च्या आवृत्तीत प्रत्येक विमानासाठी गुणांकांची कोष्टके दिलेली असत. ‘एक्स-प्लेन’ हा सिम्युलेटर पूर्वीपासून पंखांचे अनेक तुकडे कल्पून प्रत्येकावरील बल वेगळे काढतो. मायक्रोसॉफ्टच्या २०२० च्या आवृत्तीतही विमानाच्या पृष्ठभागावर पुष्कळ ठिकाणी बले काढली जातात. एक पंख आधी स्टॉल होऊन विमान गिरक्या घेऊ लागते, अशा प्रसंगी ही पद्धत अधिक नैसर्गिक वाटते. परंतु तुकड्यांची पद्धत म्हणजे अचूकच, असे मात्र समजू नये. वैमानिकांच्या प्रशिक्षणाचे मोठे सिम्युलेटर खऱ्या उड्डाणांत मोजलेल्या कोष्टकांवरच भिस्त ठेवतात.

बाकीचा बदल मुख्यतः चित्रात आहे, आणि तो डोळे दिपवणारा आहे. २०२० च्या आवृत्तीची भूमी उपग्रह व विमानांतून घेतलेल्या छायाचित्रांवरून उभारली आहे. ही माहिती २ पेटाबाइटहून, म्हणजे २० लाख गिगाबाइटहून अधिक आहे. ती घरच्या संगणकात मावणे शक्य नाही, म्हणून उडता उडता इंटरनेटवरून येत राहते. २०२४ च्या आवृत्तीत हे अवलंबित्व आणखी वाढले. तिला १६ गिगाबाइट स्मृती आणि सेकंदाला किमान १० मेगाबिट वेगाची जोडणी लागते. नोव्हेंबर २०२४ मध्ये ती आली तेव्हा कंपनीच्या सर्व्हरांवर इतकी गर्दी झाली की अनेकांना नुसती वाट पाहावी लागली.

शाळेच्या दृष्टीने मला हा भाग सर्वांत महत्त्वाचा वाटतो. २००६ ची आवृत्ती बनविणारा विभाग मायक्रोसॉफ्टने २००९ साली बंद केला, तरी ती चालत राहिली, कारण सर्व काही तबकडीवर होते. ३२-बिट असल्याने ४ गिगाबाइटपेक्षा अधिक स्मृती तिला वापरता येत नाही आणि भरीची दृश्ये घातली की ती कोलमडते, हा तिचा दोष आहेच. पण दूरच्या सर्व्हरवाचून अडून बसणारी वस्तू घेताना, तो सर्व्हर किती वर्षे चालेल हा प्रश्न विचारायलाच हवा.

ज्याच्याकडे २००६ ची आवृत्ती, दमदार संगणक आणि भरवशाची जोडणी आहे, त्याला नवी घेतल्याचा आनंद नक्की मिळेल. खाली पाहून नदी, रस्ता, घाट ओळखत मार्ग काढणे तिच्यात खरोखर जमते. २०२० ची आवृत्ती असणाऱ्याने २०२४ ची घेण्याची घाई करण्याचे कारण मला दिसत नाही. त्या पैशांत साधी जॉयस्टिक घेतली तर कळफलकावरून विमान हाकण्याची कसरत थांबेल.

शाळेने मात्र आधी ‘फ्लाइटगिअर’ पाहावा. तो विनामूल्य आहे आणि त्याची आज्ञावली सर्वांना खुली आहे. त्यातील सेस्ना-१७२ विमानाची माहिती साध्या मजकुराच्या फाइलमध्ये असते. तिची एक प्रत जपून ठेवावी, पंखांच्या क्षेत्रफळाचा आकडा दुप्पट करावा आणि स्टॉलचा वेग पूर्वीच्या सुमारे ७१ टक्के होतो का, हे विद्यार्थ्यांना उडवून पाहू द्यावे.