वजनकाट्यातील जुळे ट्रँझिस्टर

दूध संकलन केंद्र, रास्तभाव दुकान, बाजार समितीचे आवार अशा सर्व ठिकाणी आज इलेक्ट्रॉनिक वजनकाटा दिसतो. त्यावर उमटणाऱ्या आकड्यावर उत्पादक आणि ग्राहक दोघेही विश्वास ठेवतात. हा विश्वास ज्या गोष्टींवर उभा आहे, त्यांपैकी एक सहसा कोणाच्या दृष्टीस पडत नाही. नखाहून लहान अशा सिलिकॉनच्या चिपवर दोन ट्रँझिस्टरांना कोठे जागा दिली जाते, ही ती गोष्ट होय.

काट्याच्या तबकाखाली ‘लोडसेल’ हा धातूचा ठोकळा असतो. भार पडला की तो किंचित वाकतो आणि त्यातून अत्यल्प विद्युत दाब मिळतो. समजा, १०० किलोच्या काट्यात पूर्ण भाराला १० मिलिव्होल्ट दाब मिळतो. म्हणजेच एका किलोच्या वाट्याला एक दशांश मिलिव्होल्ट येतो. हा क्षीण संकेत वाढविण्याचे काम विवर्धक, म्हणजे अॅम्प्लिफायर करतो. त्याच्या प्रवेशद्वारीच ट्रँझिस्टरांची एक जोडी असते. दोन तारांवरील दाबांतील फरक तेवढाच ती पुढे पाठविते. जोडीतील दोघे तंतोतंत सारखे नसतील, तर रिकाम्या तबकावरही वजन असल्याचा भास होतो. ही चूक स्थिर असेल तर काटा शून्यावर आणून ती काढून टाकता येते. तापमानाबरोबर बदलणारी चूक मात्र वजन चालू असतानाच डोके वर काढते.

उष्णतेचा उपद्रव

ट्रँझिस्टर तापला की तोच प्रवाह वाहण्यासाठी त्याला लागणारा दाब दर अंश सेल्सिअसला सुमारे २ मिलिव्होल्टने कमी होतो. त्यामुळे जोडीतील दोघांच्या तापमानात एका अंशाच्या विसाव्या भागाइतका फरक पडला, तरी वरील काट्यात एका किलोची चूक संभवते. ही उष्णता बाहेरूनच येते असे नाही. त्याच चिपवरील अधिक शक्ती वापरणारे भागही ती निर्माण करतात. शिवाय चिपच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सिलिकॉनमध्ये मिसळलेल्या द्रव्यांचे प्रमाणही थोडे थोडे बदलत जाते.

वाटणीचा न्याय

यावरील उपाय ग्रामीण वाचकास अपरिचित वाटणार नाही. एखाद्या शेताची एक बाजू कसदार आणि दुसरी हलकी असेल, तर सरळ मध्यावर बांध घालून केलेली वाटणी अन्यायाची ठरते. त्याऐवजी शेताचे चार सारखे तुकडे करून समोरासमोरच्या कोपऱ्यांतील दोन तुकडे एका भावास व उरलेले दोन दुसऱ्यास दिले, तर कस दोघांत सारखा विभागला जातो. चिपवरही असेच करतात. प्रत्येक ट्रँझिस्टरचे दोन समान भाग करून ते तिरपे मांडतात व तारेने जोडतात. त्यामुळे दोघांचा मध्यबिंदू एकच राहतो. उष्णतेचा चढउतार एकसारखा असेल, तर तो दोघांनाही सारखाच भोगावा लागतो. फेअरचाइल्ड कंपनीसाठी जॉर्ज एर्डी यांनी १९६९ मध्ये तयार केलेल्या ‘७२५’ या अचूक विवर्धकात ही चौकडीची मांडणी वापरली होती.

याबरोबर इतरही पथ्ये पाळावी लागतात. दोघांचे आकारमान व दिशा एकच हवी. उष्णता देणारा भाग दोघांपासून समान अंतरावर असावा. कडेच्या ट्रँझिस्टरला शेजार वेगळा मिळाला तर त्याची घडण बदलते. म्हणून त्याच्या बाजूला काहीही काम न करणारे, केवळ सोबतीचे ट्रँझिस्टर ठेवतात.

मांडणीची मर्यादा

एवढे करूनही काही फरक उरतोच. द्रव्याचे कण सिलिकॉनमध्ये विखुरले जातात ते यदृच्छेने, आणि कोणत्याही मांडणीने ही यदृच्छा नाहीशी होत नाही. फिलिप्स कंपनीतील मार्सेल पेलग्रोम व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८९ मध्ये यासंबंधीचा नियम मांडला. क्षेत्रफळ चौपट केले की हा फरक निम्मा होतो. म्हणजे अचूकतेसाठी जागा खर्चावी लागते आणि जागा वाढली की चिप महाग होते. म्हणून आधुनिक चिपमध्ये उरलेली चूक सतत मोजून वजा करण्याच्या युक्त्याही योजतात. तथापि सुयोग्य मांडणीमुळे मुळातील चूकच लहान राहते.

काट्याची पडताळणी करून त्यावर मुद्रा उमटविण्याचे काम वैधमापन यंत्रणा करते. परंतु त्या मुद्रेला पात्र ठरण्याची तयारी आतील सिलिकॉनच्या वाटणीपासूनच सुरू झालेली असते. ती वाटणी चोख असेल, तर दुपारच्या उन्हात तापलेल्या काट्यावरही शेतकऱ्याच्या मालाचे वजन सकाळइतकेच भरते.