मुलांचा मधुमेह आणि साधनांची विषमता



मी आयुष्यभर भाषा शिकविली. म्हणून आरंभ एका शब्दापासून करतो. ‘मधुमेह’ या शब्दातच मध असल्यामुळे, मुलाने गोड फार खाल्ले म्हणून त्याला हा विकार जडला, असा समज होतो. मुलांना बहुधा होतो तो पहिल्या प्रकारचा मधुमेह. त्यात शरीराचीच प्रतिकारशक्ती स्वादुपिंडातील इन्शुलिन तयार करणाऱ्या पेशी नष्ट करते. यात मुलाचा अपराध नाही आणि आईचाही नाही. इन्शुलिन बाहेरून, रोज, जन्मभर द्यावे लागते. ते न मिळाल्यास मूल वाचत नाही.

जानेवारी १९२२ मध्ये टोरांटोला लिओनार्ड थॉम्पसन या १४ वर्षांच्या मुलाला ते प्रथम टोचले गेले. त्याचे स्वामित्वहक्क संशोधकांनी विद्यापीठाला प्रत्येकी अवघ्या एका डॉलरला दिले. औषध सर्वांचे असावे, हा त्यामागील हेतू.

पण केवळ औषधाने भागत नाही. मात्रा ठरविण्यासाठी रक्तातील साखर मोजावी लागते. दिवसातून चार वेळा बोट टोचले, तर वर्षाला १४६० पट्ट्या लागतात. आता दंडावर चिकटवायचा संवेदक आला आहे. तो त्वचेखालील द्रवातील साखर दर काही मिनिटांनी मोजतो, आणि मध्यरात्री ती उतरू लागली तर काही यंत्रे झोपलेल्या आईला जागे करतात. असा एक संवेदक साधारण दोन आठवडे चालतो. म्हणजे वर्षाला सुमारे २६, आणि प्रत्येकाची किंमत काही हजार रुपये.

किंमत हा एक अडसर झाला. दुसऱ्याची चर्चा फारशी होत नाही. आपल्या चलथाणच्या साखर कारखान्याच्या परिसरात दरवर्षी डांग, धुळे, नंदुरबारकडून ऊसतोडणीला कुटुंबे येतात. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, मुले पालावर. तेथे शीतपेटी कोठून असणार? न उघडलेली कुपी २ ते ८ अंशांत ठेवावी लागते. मडक्याच्या गारव्याचा आधार डॉक्टर सुचवितात, आणि तो उपयोगीही पडतो. परंतु संवेदकाचे आकडे वाचायला भ्रमणध्वनी किंवा वाचकयंत्र हवे, ते भारित करायला वीज हवी, दवाखान्यात नोंद टिकायला कायमचा पत्ता हवा. हे यंत्र घर गृहीत धरते. आणि या मुलांचे घर हंगामाबरोबर हलते.

नागपुरात डॉ. शरद पेंडसे यांच्या ‘ड्रीम ट्रस्ट’ने १९९५ पासून गरीब मुलांना इन्शुलिन पुरविण्याचे काम केले. मुलीचा आजार लग्नाच्या भीतीने लपविला जातो, हेही अशा कामात वारंवार दिसते. (लपविलेल्या आजाराला यंत्र तरी कोण लावणार?)

शाळेच्या हाती काय आहे? साखर उतरलेल्या मुलाला घाम सुटतो, हात कापतात, ते गोंधळते. तत्काळ दोन-तीन चमचे साखर द्यावी, पंधरा मिनिटांनी पुन्हा पाहावे. शुद्ध हरपली असेल, तर तोंडात काहीही न घालता थेट रुग्णालयात न्यावे. साखरेच्या या गावात गुरुजींच्या टेबलाच्या खणात तिची एक पुडी सहज मावेल.