सेंट पीटरची छत्री

(सेन्त पेतेर एशेर्न्योये). हंगेरियन विनोदी चित्रपट (१९५८). दिग्दर्शक फ्रिद्येश बान (१९०२–६९). काल्मान मिक्सात (१८४७–१९१०) या कथाकाराच्या याच नावाच्या कादंबरीवर (१८९५) तो आधारलेला आहे. कथा घडते तो स्लोव्हाक वस्तीचा डोंगराळ मुलूख पूर्वी हंगेरीच्या राज्यात होता. पहिल्या महायुद्धानंतर तो चेकोस्लोव्हाकियात गेला. त्यामुळे हा चित्रपट उभय देशांच्या सहकार्याने निघाला, हे उचितच होय.

कथेचे मूळ एका वारसाहक्कात आहे. पाल ग्रेगोरिच हा धनिक गृहस्थ अविवाहित. स्वयंपाकिणीपासून झालेला द्यॉर्द्य हा त्याचा अनौरस पुत्र. भावंडांचा डोळा संपत्तीवर असल्याने मुलावर उघड माया करण्याचीही त्याला चोरी. अखेर तो आपले धन जुन्या लाल छत्रीच्या पोकळ मुठीत दडवतो आणि भावंडांना चकविण्यासाठी गवंड्यांकरवी एक हंडा गुपचूप भिंतीत चिणून घेतो. भावंडे गवंड्यांना फितवून गुपित काढतात, ते घर भारी किंमतीस विकत घेतात. हंड्यात निघते ते मोडके लोखंड! परंतु या अतिदक्षतेचा फटका मुलालाही बसतो. तो पोहोचण्यापूर्वीच बाप मरण पावतो आणि छत्री भंगाराबरोबर एका फिरत्या म्हाताऱ्या ज्यू विक्रेत्याच्या हाती जाते.

ग्लोगोवा या दरिद्री खेड्यात नवख्या धर्मगुरूची तान्ही बहीण वेरोनिका पावसात उघड्यावर असते. म्हातारा तिच्यावर ती छत्री धरून निघून जातो. गावकरी त्याला सेंट पीटर समजतात. छत्री पूज्य ठरते, लग्नकार्यात व अंत्ययात्रेत मिरवू लागते आणि धर्मगुरूच्या घरी सुबत्ता येते. पुढे वकील झालेला द्यॉर्द्य माग काढीत तेथे येतो, तेव्हा भाविकांनी छत्रीला चांदीची मूठ बसवून जुनी केव्हाच जाळून टाकलेली असते. दरम्यान तो वेरोनिकाच्या प्रेमात पडतो. पण त्याचा ओढा आपल्याकडे की छत्रीकडे, हा तिचा संशय मात्र रास्तच म्हटला पाहिजे.

लोभ आणि भोळी श्रद्धा एकाच वस्तूभोवती फिरविण्याची ही योजना मिक्सातची. उपहास असूनही ती कडवट होत नाही. चित्रपटात वेरोनिकाची भूमिका मारी तोरोचिक (१९३५–२०२१) हिने, द्यॉर्द्यची स्लोव्हाक नट कारोल माखाता याने, तर धर्मगुरूची शांदोर पेची याने केली आहे. याच कादंबरीवर अलेक्झांडर कोर्डाने १९१७ मध्ये मूकपट काढला होता.