पेन्शनरांचें औषधपाणी

गेल्या पावसाळ्यांत आमच्या शेजारच्या एका वृद्ध गृहस्थांस हृदयविकारानें गांठलें. केंद्र सरकारच्या नोकरींतून ते निवृत्त झालेले. जामखेडहून त्यांस पुण्यास न्यावें लागलें, आणि खर्चापायीं सुनेच्या पाटल्या गहाण पडल्या. मागाहून कळलें कीं, ते नुसत्या औषधभत्त्यावर संतुष्ट राहिले होते!

केंद्रीय कर्मचाऱ्यांची आरोग्य योजना १९५४ सालीं दिल्लींत सुरू झाली. महाराष्ट्रांत तिचे दवाखाने मुंबई, पुणें, नागपूर अशा शहरीं आहेत, जामखेडास नाहीं. अशा गांवच्या पेन्शनरांस २०१७ पासून दरमहा १००० रुपये मिळतात, ते किरकोळ औषधोपचारापुरते. परंतु हा भत्ता घेऊनही, योजनेची वर्गणी भरून इस्पितळांतील उपचारांसाठीं कार्ड काढतां येतें, हें पुष्कळांस ठाऊक नसतें. दहा वर्षांची वर्गणी एकरकमी भरली कीं कार्ड आजन्म चालतें; सातव्या वेतन आयोगाच्या दरानें खालच्या श्रेणींस ही रक्कम ३०,००० रुपये होते. पत्नीसही त्याचा लाभ मिळतो.

आम्हां शाळामास्तरांस ही योजना लागू नाहीं. तथापि सत्तरी गांठलेल्या कोणासही, उत्पन्न कितीही असो, २०२४ पासून आयुष्मान भारत योजनेखालीं वर्षास ५ लाख रुपयांपर्यंतचे इस्पितळांतील उपचार मिळूं शकतात.

डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनीं १९७० पासून याच जामखेडच्या आसपास खेड्यांतील अशिक्षित स्त्रियांस आरोग्याचे धडे दिले, आणि त्यांनीं आपापलीं गांवें सांभाळलीं. आपण सुशिक्षितांनीं घरचे कागदही वाचूं नयेत काय? एखाद्या रविवारीं मुलांनीं वडिलांजवळ बसून ते पुरे करावे, हीच आमची विनंती.