दूधगंगेच्या पलीकडे

यंदाच्या जानेवारीतील एका रविवारी मी आणि माझा बालमित्र सायकलने कोल्हापूरहून निपाणीला जाऊन आलो. जाऊन-येऊन अंतर सुमारे ८० किलोमीटर. तरुण वाचकांना यात विशेष काही वाटणार नाही. परंतु आम्हा दोघांच्या वयांची बेरीज १२६ भरते, आणि मित्राच्या गुडघ्यांसाठी घरात तेला-मलमांचे एक स्वतंत्र फडताळ आहे. बेत मात्र त्याचाच होता. निपाणीपुढचा तवंदी घाट चढून स्तवनिधीला जाऊ, दर्शन घेऊ आणि दिवस मावळण्यापूर्वी परतू, एवढेच त्याने मला सांगितले होते. दक्षिण भारत जैन सभेची स्थापना १८९९ मध्ये जेथे झाली ते हे स्थान, म्हणून मीही आनंदाने होकार दिला.

साडेसहाला निघालो तेव्हा पुरते उजाडले नव्हते. सूर्यास्तापूर्वी जेवण्याचा आम्हा दोघांचाही नेम असल्याने परतीची वेळ सूर्यानेच ठरवून दिली होती. उकळून गाळलेल्या पाण्याच्या बाटल्या, सायकलीचा पंप आणि पंक्चर काढण्याचे साहित्य एवढेच सोबत. गोकुळ शिरगावच्या कारखान्यांपर्यंत रस्ता ओळखीचा. महामार्गाच्या सहापदरीकरणामुळे सेवा रस्ता मध्येच नाहीसा होतो आणि सायकलस्वाराला अवजड वाहनांच्या शेजारी जावे लागते. त्यात उसाच्या ट्रॉल्या! एकामागे एक जोडलेल्या दोन ट्रॉल्या वळताना किती जागा घेतील, याचा अंदाज चालकालाही नसतो. अशा वेळी सरळ खाली उतरून उभे राहावे, हा माझा अनुभवाचा सल्ला.

कागल सोडले की दूधगंगेचा पूल लागतो. पूल ओलांडून थोडे पुढे गेले की महाराष्ट्र संपतो आणि कोगनोळी हे कर्नाटकातील गाव येते. फलकांवरची अक्षरे कन्नड होतात. उसाचे फड मात्र तसेच, आणि टपरीवरची मराठीही तीच. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत निपाणी मुंबई राज्यातून तत्कालीन म्हैसूर राज्यात गेली. त्या वादाचा दावा महाराष्ट्राने २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात दाखल केला. सोयरिकींनी मात्र ही रेषा कधी मानली नाही. माझ्या मित्राची थोरली बहीण, आमची अक्का, निपाणीलाच दिलेली.

कोगनोळीपाशी मित्राने अचानक ब्रेक दाबला. मला वाटले, गुडघा धरला. तो रस्त्याच्या एका कडेकडे पाहत उभा होता. तेथे पाहण्यासारखे काहीच नव्हते.

"इथं अडवलं होतं मला," तो म्हणाला.

२०२१ च्या उन्हाळ्यात, महामारीच्या दुसऱ्या लाटेत, अक्काचे यजमान गेले. निरोप मिळताच हा पहाटे दुचाकीवरून निघाला. त्या दिवसांत कर्नाटकात प्रवेशासाठी चाचणीचा अहवाल लागत असे; तो याच्याजवळ नव्हता. नाक्यावरील माणसांनी नियम सांगितला, शांतपणेच सांगितला, आणि हा परत फिरला. ही हकिकत मला आणि साऱ्या भावकीला ठाऊक होती. पुढचे मला प्रथमच कळले.

"दुसऱ्या दिवशी चाचणी करून जाता आलं असतं. मी केली नाही. भीती वाटली रे. सीमा बंद आहे म्हणून सगळ्यांना सांगत राहिलो. मग सीमा उघडली, तेव्हा कुठल्या तोंडानं जायचं?"

मी काय बोलणार? "स्तवनिधी?" एवढेच विचारले. "ते बघू," म्हणून त्याने सायकल पुढे काढली. सौंदलगा, यमगर्णी, वेदगंगेचा पूल. या साऱ्या वाटेत आम्ही एक शब्दही बोललो नाही.

निपाणीत शिरताना तंबाखूचा तीव्र दर्प नाकात भरतो. बिडीच्या तंबाखूची ही जुनी पेठ. १९८१ मध्ये शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली तंबाखू उत्पादकांनी रास्त भावासाठी याच महामार्गावर ठाण मांडले होते आणि पोलिसांच्या गोळीबारात शेतकऱ्यांचे बळी गेले होते. त्या वर्षी अक्का नवी नवरी होती. ते दिवस ती आम्हाला माहेरपणी सांगत असे.

दार अक्कानेच उघडले. केस पूर्ण पांढरे झालेले. भावाच्या मागे उभ्या सायकलींकडे तिने प्रथम पाहिले.

"सायकलवरनं आलास व्हय? या वयात?"

आत बसल्यावर मित्राने नाक्यापासून सुरुवात केली. मग थांबला, आणि दुसऱ्या दिवसाचेही सांगितले. अक्का तांदूळ निवडत होती. हात थांबले नाहीत.

"मला ठाऊक आहे," ती म्हणाली. "शेजारणीचा भाचा कागलवरनं अहवाल घेऊन आला होता तिसऱ्या दिवशी. तेव्हाच समजले मी." थोड्या वेळाने पुन्हा म्हणाली, "घरात चार माणसं नव्हती रे तेव्हा."

मित्र खाली मान घालून बसला. मला उठून बाहेर जावेसे वाटले. पण पाय हलले नाहीत. बऱ्याच वेळाने अक्का उठली. "हातपाय धुवा. भाकरी टाकते."

ज्वारीची भाकरी, तुरीची आमटी, शेंगदाण्याची चटणी. वाढताना ती फारसे बोलली नाही. मित्राने तिसरी भाकरी नको म्हटली, तेव्हा मात्र न विचारता ताटात टाकली.

दीडला निघालो. तवंदी घाट दक्षिणेकडे तसाच राहिला. परतीला वारा समोरून होता आणि मित्राचा गुडघा खरोखरच धरला. कागलपर्यंत आम्ही तीनदा थांबलो. लक्ष्मी टेकडीजवळ ऊन पिवळे पडले, तेव्हा अक्काने बांधून दिलेला स्टीलचा डबा उघडला. शेंगदाण्याचे लाडू होते, मोजून आठ. सूर्य बुडण्यापूर्वी सारे संपविले. मित्राने बाटलीतील उरल्या पाण्याने डबा विसळला, रुमालाने पुसला आणि पुन्हा पिशवीत नीट ठेवला.

"रिकामा डबा परत देत नाहीत," तो म्हणाला. "तिला काय आवडतं, तुला आठवतं का?"