स्टुडिओत घडलेली दिग्दर्शिका

भारतात टेलिव्हिजनचे प्रायोगिक प्रक्षेपण १५ सप्टेंबर १९५९ रोजी दिल्लीत सुरू झाले. रोजचे नियमित कार्यक्रम १९६५ पासून होऊ लागले. हे काम तेव्हा आकाशवाणीच्याच छत्राखाली चाले. दूरदर्शन वेगळे झाले ते १९७६ मध्ये. त्या काळात कार्यक्रम करणाऱ्याला केंद्रात 'प्रोड्यूसर' म्हणत. विषय सुचवणे, संहिता लिहून घेणे किंवा स्वतः लिहिणे, नट जमवणे, तालमी घेणे आणि प्रक्षेपणाच्या वेळी नियंत्रण कक्षात बसून दिग्दर्शन करणे ही सारी कामे त्या एकाच पदात येत. सई परांजपे यांची टेलिव्हिजनची कारकीर्द या व्यवस्थेत घडली. त्यांचे चित्रपट आज सर्वांना ठाऊक आहेत, पण त्या चित्रपटांची घडण समजून घ्यायची तर आधी त्या स्टुडिओत डोकावायला हवे.

सईंचा जन्म १९ मार्च १९३८ रोजी लखनौला झाला. आजोबा रँग्लर र. पु. परांजपे तेव्हा तिथल्या विद्यापीठाचे कुलगुरू होते. आई शकुंतला परांजपे र. धों. कर्व्यांच्या संततिनियमनाच्या कार्यात होत्या, लेखिका होत्या आणि शांतारामांच्या 'कुंकू' चित्रपटात त्यांनी भूमिकाही केली होती. वडील युरा स्लेप्टझॉफ हे रशियन चित्रकार. आजोबा ऑस्ट्रेलियात भारताचे उच्चायुक्त झाल्यावर सईंच्या बालपणाची काही वर्षे तिकडे गेली. 'मुलांचा मेवा' हे त्यांचे पहिले पुस्तक आठव्या वर्षी निघाले. पुढे पुणे आकाशवाणीवर निवेदन आणि मुलांचे कार्यक्रम त्यांनी केले. इब्राहिम अल्काझींच्या काळातल्या, दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयातून १९६३ मध्ये पदवी घेतली. आवाज रेडिओने तयार केला, हालचाल नाटकाने. टेलिव्हिजनला त्या आल्या तेव्हा दोन्ही हाताशी होते.

त्या वेळचा स्टुडिओ लहान, चित्र कृष्णधवल आणि कार्यक्रम बहुतेक थेट. चित्रफीत महाग आणि दुर्मीळ होती. ध्वनिचित्रमुद्रण सोयीचे झाल्यावरही जुना कार्यक्रम पुसून त्याच फितीवर नवा घेतला जाई. त्यामुळे त्या काळातल्या अनेक दिग्दर्शकांच्या उमेदीच्या वर्षांचे काम आज पाहायलाच मिळत नाही. भारतीय टेलिव्हिजनच्या इतिहासातली ही मोठी हानी आहे. चित्रपटाची मुळे शोधणाऱ्याला रिळे सापडतात, टेलिव्हिजनची शोधणाऱ्याच्या हाती बहुधा आठवणीच लागतात.

थेट नाटिकेचे काम असे चाले. तालीम साध्या खोलीत होई. जमिनीवर खडूने रेषा मारून भिंती, दार, पलंग दाखवलेले असत. नटाने कुठे वळायचे, कोणत्या शब्दावर उठायचे हे तिथेच पक्के करावे लागे, कारण त्या वळण्यावर आणि उठण्यावर कॅमेरे अवलंबून असत. मग दिग्दर्शक कॅमेऱ्याची संहिता तयार करी: डाव्या बाजूला चित्र, उजव्या बाजूला संवाद आणि कोणत्या शब्दाला कोणता कॅमेरा, त्याची खूण. एक कॅमेरा जवळचा चेहरा दाखवत असताना दुसऱ्याने आवाज न करता पुढची जागा गाठायची. त्याची केबल पहिल्याच्या वाटेत येता कामा नये. माइकची काठी नटांच्या डोक्यावर असे. तिची सावली भिंतीवर पडली की प्रेक्षकाचे लक्ष गेलेच. नावे पुठ्ठ्यावर रंगवून स्टँडवर लावत आणि एकेक पुठ्ठा हाताने उचलत.

प्रक्षेपण सुरू झाले की दिग्दर्शक नटांपासून तुटतो. तो काचेपलीकडच्या कक्षात, ओळीने मांडलेल्या मॉनिटरांसमोर असतो. फ्लोअर मॅनेजर त्याचे डोळे आणि हात होतो. कानातल्या यंत्रातून सूचना ऐकायची आणि बोटांनी नटाला इशारा द्यायचा: सुरू कर, सावकाश, एक मिनिट उरले. व्हिजन मिक्सरवर बसलेला माणूस दिग्दर्शकाच्या शब्दावर चित्र बदलतो. शब्द अर्धा क्षण उशिरा आला तर बोलणाऱ्याऐवजी ऐकणाऱ्याचा चेहरा पडद्यावर राहतो. पुन्हा घेण्याची सोय नाही. नट ओळ विसरला तर समोरच्याने सावरायचे आणि दिग्दर्शकाने त्या गडबडीत कोणता चेहरा सुरक्षित आहे ते हेरायचे.

अशा कामात मोठा जमाव, दूरची दृश्ये, भव्य सजावट चालत नाही. पडदा टीचभर आणि जागा खोलीएवढी. उरतात ती तीन-चार माणसे, त्यांचे बोलणे, बोलण्यातल्या थांबण्याच्या जागा. सईंच्या लेखणीला नेमके हेच मानवले. संवादात नर्मविनोद, पात्रे ओळखीची, घटना लहान आणि तरी मनाला लागणारी ही त्यांच्या चित्रपटांची वैशिष्ट्ये सांगितली जातात. ती टेलिव्हिजनच्या अडचणींतून आली असावीत. अडचण हीच जणू त्यांची शैली झाली.

१९७२ हे वर्ष त्यांच्या दूरदर्शनच्या कामात महत्त्वाचे. 'द लिटल टी शॉप' या त्यांच्या टेलिफिल्मला आशियाई प्रसारण संघाचा पुरस्कार तेहरानमध्ये मिळाला. त्याच वर्षी २ ऑक्टोबरला मुंबई दूरदर्शन केंद्र सुरू झाले आणि उद्घाटनाच्या कार्यक्रमाची निर्मिती सईंकडे आली. मराठी घरांना घरबसल्या चित्र दिसू लागले ते या केंद्रामुळे. पुढे बाल चित्रपट संस्थेसाठी त्यांनी 'जादू का शंख' आणि 'सिकंदर' हे मुलांचे चित्रपट केले.

टेलिव्हिजन आणि चित्रपट यांतले त्यांचे येणे-जाणे एकाच दिशेचे नव्हते. 'धुआँ धुआँ' ही त्यांची टेलिफिल्म. तिच्यातून 'चश्मे बद्दूर' (१९८१) उभा राहिला. दिल्लीत एका खोलीत राहणारे तीन मित्र, उधारीवर सिगारेटी देणारे लल्लन मियाँ, दारात साबणाची भुकटी विकायला आलेली मुलगी: खोली, टपरी आणि दार एवढ्यात बरेचसे नाट्य मावते. मूळ आराखडा स्टुडिओत बसणारा होता, चित्रपटाने त्याला रस्ते आणि बागा दिल्या. 'स्पर्श'मध्ये अंध शाळेच्या प्राचार्याची भूमिका नसीरुद्दीन शाह यांनी केली. ती दिल्लीच्या एका खऱ्या प्राचार्यावर बेतलेली होती आणि चित्रीकरणही त्यांच्याच संस्थेत झाले. चित्रपटाला, सईंच्या पटकथेला आणि नसीरुद्दीन यांच्या अभिनयाला राष्ट्रीय पुरस्कार मिळाले. 'कथा' (१९८३) हा एस. जी. साठ्ये यांच्या 'ससा आणि कासव' या मराठी नाटकावरून केलेला. चाळीचे गॅलऱ्यांतून चालणारे जीवन त्यात आहे.

चित्रपटात नाव झाल्यावरही त्या छोट्या पडद्यावर परतल्या. १५ ऑगस्ट १९८२ पासून उपग्रहावरून राष्ट्रीय कार्यक्रम आणि रंगीत प्रक्षेपण सुरू झाले. १९८४ मध्ये लघुशक्ती प्रक्षेपकांची संख्या झपाट्याने वाढली आणि टेलिव्हिजन महानगरांबाहेर पोहोचले. 'हम लोग'ने मालिकेची सवय लावली त्याच वर्षी सईंची 'अडोस पडोस' आली, पुढच्या वर्षी 'छोटे बडे'. राष्ट्रीय कार्यक्रमाची भाषा मुख्यतः हिंदी असल्याने बालाघाट, छिंदवाडा, बैतूल अशा महाराष्ट्राच्या सीमेलगतच्या जिल्ह्यांतल्या मराठी घरांपर्यंत मराठी दिग्दर्शिका जाणार ती हिंदीतूनच. शेजारपाजारचा, भांड्याला भांडे लागणाऱ्या घरांचा मराठी पद्धतीचा विनोद हिंदीत जसाच्या तसा उतरवणे सोपे नव्हते. सईंना ते साधले, कारण दिल्लीची बोली त्यांनी तिथे राहून कानात साठवली होती.

मालिकेचे दिग्दर्शन थेट नाटिकेहून वेगळे. इथे फेरचित्रण आणि संकलन आहे, पण वेळेची कात्री तशीच. आठवड्याला एक भाग द्यायचा तर एका ठिकाणची वेगवेगळ्या भागांतली दृश्ये सलग उरकावी लागतात. नटाला सकाळी दुसऱ्या भागातला राग आणि दुपारी सहाव्या भागातला समेट करावा लागतो. कपडे, केस, भिंतीवरचे कॅलेंडर जुळते आहे का, हे टिपणारा सहाय्यक नसेल तर मालिका विस्कटते. पात्राच्या भावनेचा चढउतार मात्र कोणी टिपून देत नाही, तो दिग्दर्शकाच्या डोक्यातच असावा लागतो.

पुढे 'दिशा' (१९९०), 'साज' (१९९७) हे चित्रपट झाले. माहितीपटांचे काम बाजूने चालूच राहिले: आझाद हिंद सेनेतल्या कॅप्टन लक्ष्मींवर, वारणेच्या बालवाद्यवृंदावर, दारूबंदीसाठी उभ्या राहिलेल्या गावातल्या बायांवर. दारूबंदीवरच्या 'चूडियाँ'ला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. २००६ मध्ये सईंना पद्मभूषण देण्यात आले. सुईतून नशा घेणाऱ्यांच्या एड्सच्या प्रश्नावर त्यांनी २००९ मध्ये 'सुई' हा लघुपट केला. तो जागतिक एड्स दिनी दूरदर्शनवरून दाखवला गेला. रेडिओ, रंगभूमी, टेलिव्हिजन आणि चित्रपट या सगळ्या कामाचा वृत्तान्त त्यांनी 'सय' या आत्मकथनात लिहिला आहे.